अग्निबाण जागचा हालत नाहीं तेव्हां

सुट्ट्या लागल्या कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवीं मुलें अभ्यासाला बसत नाहींत अशी तक्रार असते. सुट्टींत तीं संगणकासमोरून उठत नाहींत, अशी असते. यंदांच्या पत्रांत मात्र एक निराळाच प्रकार आढळला. 'केर्बल स्पेस प्रोग्रॅम' नांवाचा अंतराळयात्रेचा एक खेळ कित्येक घरांत शिरला असून, त्यांतील अग्निबाण मुलांच्या हातून उडत नाहीं, एंजिन पेटत नाहीं, पेटलेंच तर बाण जागचा हालत नाहीं, आणि मग घरांत आदळआपट होते, वाढलेलीं पानें तशींच राहतात, असें अनेक वडील मंडळींनीं कळविलें आहे. एका मातेचें पत्र तर आमच्या मनाला फारच लागलें. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीनें तीन दिवस खटपट केली. बाण उभा राहिला, ज्योतही दिसली, परंतु तो तसूभर वर गेला नाहीं. अखेर "हें दादालाच जमतें, मला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं," असें म्हणून ती उठली व पुन्हां त्या खेळाकडे फिरकली नाहीं. असला खेळ घरांत ठेवावा कीं नाहीं, असें त्या बाईंनीं विचारलें आहे.

आमचें उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतों. खेळ अवश्य ठेवावा. मात्र एंजिन पेटलें नाहीं म्हणजे काय पाहावें व कोणत्या क्रमानें पाहावें, हें घरांतील एका तरी जाणत्या माणसानें समजून घ्यावें. या खेळापासून मुलांना जें कांहीं मिळावयाचें तें बाण उडत नाहीं त्या अर्ध्या तासांतच मिळतें. आणि तो अर्धा तास वायां गेला तर मुलें जातांना एक भलतीच समजूत मनांत घेऊन जातात.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्याकरितां थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मेक्सिको शहरांतील स्क्वाड या कंपनींत काम करणाऱ्या फेलिपे फालांगे नांवाच्या ब्राझिलियन तरुणानें हा खेळ रचण्यास २०११ सालीं आरंभ केला. त्याच वर्षीं २४ जून रोजीं पहिली आवृत्ति लोकांसमोर आली. पूर्ण आवृत्ति निघण्यास २७ एप्रिल २०१५ उजाडावा लागला. त्यांत केर्बिन नांवाचा एक कल्पित ग्रह आहे. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या दशांशाहूनही कमी. परंतु पृष्ठभागावरचें गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीइतकेंच ठेविलेलें आहे. तेथील रहिवासी ते केर्बल: हिरवे, बुटके, मोठ्या डोक्याचे. खेळणारानें टाक्या, एंजिनें व बैठकीची कुपी एकावर एक रचून अग्निबाण तयार करावयाचा, एखाद्या केर्बलास आंत बसवावयाचें, आणि ७० किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेलें वातावरण ओलांडून त्याला अंतराळांत न्यावयाचें. ग्रह कल्पित असला तरी मागचें गणित न्यूटनच्या नियमांचें आहे. म्हणून तेथें नुसत्या हौसेनें कांहीं उडत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. एंजिन पेटलें नाहीं म्हणजे नवशिका खेळाडू पहिली गोष्ट करतो ती एंजिन बदलण्याची. त्याहून मोठें बसवितो. तेंही पेटत नाहीं. मग दोन बसवितो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशांतली ही गत होय. आमच्या ज्या वाचकभगिनींनीं रॉकेलचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना आमचें म्हणणें चटकन् पटेल. स्टोव्ह पेटेनासा झाला म्हणून कोणी नवा स्टोव्ह विकत आणीत नसे. टाकींत रॉकेल आहे का, पंपानें हवा भरली जाते का, हवेची चावी सैल तर राहिली नाहीं ना, हें क्रमानें पाहून, शेवटीं भोकांत पिन घातली कीं निळी ज्योत हजर होई. आजच्या गॅसच्या शेगडीचेंही तेंच: आधीं सिलिंडर, मग रेग्युलेटर, मग नळी, आणि सर्वांच्या शेवटीं बर्नर. अग्निबाणाचें एंजिन हें असल्याच एका सांखळीचें टोंक आहे. हुकूम देणारा जागा पाहिजे. हुकूम त्या एंजिनापर्यंत पोंचला पाहिजे. योग्य इंधन पाहिजे. इंधनाला वाट पाहिजे. ज्योतीला बाहेर पडावयास मोकळी जागा पाहिजे. आणि इतकें सर्व झाल्यावर एंजिनाचा रेटा बाणाच्या वजनाहून अधिक पाहिजे. असे हे सहा प्रश्न आहेत व ते याच क्रमानें विचारावयाचे.

पहिला प्रश्न हुकुमाचा. कुपींत केर्बल बसलेला असेल तर हुकूम देणारा आहेच. परंतु माणसावांचून जाणाऱ्या यानांत एक यंत्रमेंदू असतो व त्याला वीज लागते. वीज संपली कीं मेंदू निजला. मग कळफलकावर कितीही बोटें आपटलीं तरी उपयोग नाहीं. सौरपट्ट्या बसविल्या खऱ्या, पण त्या उलगडावयाच्या राहिल्या, हा प्रकार फार आढळतो. हुकूम देणारा जागा आहे अशी खात्री झाल्यावर थ्रॉटल पाहावा. इंधनाचा पुरवठा कमीअधिक करणारा हा कांटा पडद्याच्या तळाशीं असलेल्या गोल तबकडीच्या डाव्या अंगास असतो. 'झेड' ही कळ दाबली कीं तो पूर्ण चढतो, 'एक्स' दाबली कीं शून्यावर येतो. शून्यावर असेल तर एंजिन चालू असूनही ज्योत दिसावयाची नाहीं. तसेंच, अंतराळांत दूरच्या प्रवासासाठीं काळाची गति फार वाढवून ठेविली असेल, तर ती मूळ पदावर आणल्याखेरीज एंजिन काम करीत नाहीं. घन इंधनाच्या बाणांची गोष्ट वेगळी: त्यांना थ्रॉटल लागूच नाहीं. एकदां पेटले कीं इंधन संपेपर्यंत जळावयाचे, मध्येंच विझवितां यावयाचे नाहींत. खऱ्या अग्निबाणांतही तसेंच असून, आपल्या पी. एस. एल. व्ही.चा पहिला टप्पा याच जातीचा आहे.

दुसरा प्रश्न टप्प्यांचा. उड्डाणाच्या वेळीं पडद्याच्या डाव्या कडेस लहान लहान चित्रांची एक उतरंड दिसते. स्पेसची लांब कळ एकदां दाबली कीं सर्वांत खालचा गट कामाला लागतो, पुन्हां दाबली कीं त्याच्या वरचा. एंजिनाचें चित्र भलत्याच गटांत पडलें असेल तर कळ दाबल्यावर भलतेंच कांहीं घडतें. पहिल्या एंजिनाच्या गटांत पॅराशूट जाऊन बसलें, म्हणजे बाण उठतांक्षणींच छत्री सोडण्याचा हुकूम सुटतो. टप्पे सुटे करणारा डीकपलर त्या गटांत असला, तर खालचें एंजिन पेटतें तेव्हांच वरची कुपी त्यापासून विलग होते. या उतरंडीवर उड्डाणापूर्वीं खालून वर एकदां बोट फिरवावें. निम्म्या तक्रारी येथेंच मिटतात. शंका राहिली तर एंजिनावर माउसची उजवी कळ दाबावी. उघडणाऱ्या चौकटींत एंजिन चालू आहे कीं बंद, व इंधनावांचून विझलें असल्यास तसें, स्पष्ट लिहिलेलें असतें. मुलें ही चौकट वाचीत नाहींत, ही आमची त्यांच्याविषयींची मुख्य तक्रार आहे.

तिसरा प्रश्न इंधनाचा. नेहमींच्या एंजिनांना दोन द्रव लागतात: एक जळणारा व दुसरा त्याला जाळण्यास प्राणवायु पुरविणारा, कारण अंतराळांत हवा नाहीं. खेळांतील त्यांचें प्रमाण नऊस अकरा असें आहे. मध्यम टाकींत १८० व २२० एकके भरलेलीं असतात. विमानासाठीं असलेल्या टाकींत मात्र पहिलाच द्रव असतो. ती टाकी अग्निबाणाला जोडली तर भरलेली दिसूनही एंजिन उपाशी राहतें. उलट 'नर्व्ह' नांवाचें अणुशक्तीचें एंजिन केवळ पहिलाच द्रव घेतें. त्याला दुसरा देणें म्हणजे विनाकारण ओझें वाहणें. विमानाचें जेट एंजिन तर बाहेरच्या हवेवर जगतें, म्हणून उंच गेल्यावर तें विझणारच. तो दोष नसून त्याचा धर्म आहे.

चौथा प्रश्न वाटेचा, आणि येथें पुष्कळांचा धीर सुटतो. टाकी भरलेली, एंजिन सुरू, थ्रॉटल पूर्ण, तरीही ज्योत नाहीं! अशा वेळीं टाकी व एंजिन यांच्यामध्यें काय आहे तें पाहावें. डीकपलर स्वभावतःच इंधन पलीकडे जाऊं देत नाहीं. टाकी वर, मध्यें डीकपलर आणि खालीं एंजिन, अशी रचना झाली असेल तर एंजिनाला थेंबही मिळणार नाहीं. बाजूस लावलेल्या टाक्यांतून मधल्या टाकींत इंधन आणावयाचें असल्यास त्यासाठीं इंधननळी मिळते. परंतु तिला दिशा असते. ज्या टाकीवर प्रथम टिचकी मारली तिच्यांतून दुसरींत प्रवाह जातो. उलट जोडली तर मधली टाकीच रिकामी होऊं लागते. शिवाय बळकटीसाठीं लावावयाचे आधार दिसण्यांत नळीसारखेच असले तरी त्यांतून इंधन वाहत नाहीं. पाण्याची टांकी भरलेली असून नळाला पाणी नाहीं म्हणजे आपण नळाला दोष देत नाहीं. मधला कॉक पाहतों. तसेंच येथें करावें.

पांचव्या प्रश्नास फार वेळ लागत नाहीं. एंजिनाच्या तोटीसमोर आपल्याच बाणाचा एखादा भाग आडवा आला असेल, किंवा आधींचा टप्पा सुटा करण्याचेंच राहून गेलें असेल, तर ज्योत त्याच भागावर आदळते, तो तापतो, आणि रेटा वायां जातो. यान बाहेरून चहूंकडून फिरवून पाहिलें कीं हें ध्यानांत येतें.

सहावा प्रश्न वजनाचा. यांत थोडें गणित आहे. पण तें पाटीपेन्सिलीवर होण्याइतकें सोपें आहे. नवशिक्याच्या हातीं पडणाऱ्या 'स्विव्हल' या एंजिनाचा जमिनीपाशीं रेटा सुमारे १६८ किलोन्यूटन. याला ९.८१ नें भागलें कीं १७.१ येतात, म्हणजे हें एंजिन सतरा टनांपर्यंत कसेंबसें पेलेल. आतां एक मोठी टाकी भरून साडेचार टन, एंजिन दीड टन, आणि कुपी सुमारे ०.८४ टन. दोन टाक्या घेतल्या तर एकूण ११.३ टन, रेटा वजनाच्या दीडपट, बाण झोकांत उठतो. तीन घेतल्या तर १५.८ टन; रेटा वजनाहून जेमतेम शेंकडा आठ अधिक; बाण रखडत रखडत वर सरकतो. चार घेतल्या तर २०.३ टन होतात, आणि मग मौज अशी होते कीं, एंजिन धडधडून जळत असतें, बाण मात्र जागच्या जागीं. गणित पुढें नेलें तर असें निघतें कीं, दर सेकंदास सुमारे ६८ किलो इंधन जळतें, म्हणून पाऊण मिनिटानंतर वजन सतरा टनांवर उतरून तो आपण होऊनच उठूं लागतो! अधिक इंधन घातलें कीं अधिक वर जाईल, ही समजूत अशा रीतीनें जमिनीवरच खोटी ठरते.

वर उल्लेखिलेल्या मुलीच्या बाणाचा उलगडा याच प्रश्नांत आहे. मातेनें पत्रांत एंजिनाचें नांव 'टेरियर' असें दिलें आहे, वर एक मध्यम टाकी व कुपी. या एंजिनाचा निर्वातांतील रेटा ६० किलोन्यूटन, आणि इंधन काटकसरीनें वापरण्यांत त्याचा आंकडा ३४५, म्हणजे स्विव्हलच्या ३२० पेक्षां सरस. परंतु जमिनीपाशीं, हवेच्या दाबाखालीं, रेटा १५ किलोन्यूटनाहूनही कमी पडतो, आणि तो ३४५ चा आंकडा ८५ वर येतो. त्याची तोटी पोकळींत फुलण्यासाठीं केलेली; भोंवतालची हवा तिला फुलूं देत नाहीं. खऱ्या अग्निबाणांतही वरच्या टप्प्यांच्या तोट्या म्हणूनच अधिक रुंद असतात. मुलीच्या बाणाचें वजन सुमारे ३.६ टन, त्याला निदान ३५ किलोन्यूटन हवे होते, मिळाले पंधरा. तेव्हां त्या मुलीला यंत्रांतलें कळत नाहीं हें साफ खोटें आहे. तिनें कोष्टक वाचलें आणि त्यांतलें सर्वांत काटकसरी एंजिन निवडलें. निर्वाताचा आंकडा घेतला, जमिनीचा घ्यावयाचा राहिला, इतकेंच. तिनें आपला बाण मोडूं नये. त्याच्याखालीं डीकपलर, एक मोठी टाकी व स्विव्हल जोडावें. एकूण वजन ९.६ टन होईल, रेटा त्याच्या पावणेदोन पट राहील. आणि हवा विरळ झाल्यावर खालचा टप्पा टाकून दिला कीं तिचें तेंच टेरियर उत्तम चालेल.

खेळांत कांहीं सवलती आहेत, त्याही मुलांस सांगाव्या. तेथें द्रव इंधनाचें एंजिन हवें तेव्हां विझवून पुन्हां पेटवितां येतें. प्रत्यक्षांत दुसऱ्यांदा पेटविण्याची तजवीज आधींच करावी लागते, आणि भारहीन अवस्थेंत टाकींतील द्रव तरंगत असल्यामुळें त्याला प्रथम लहानसा धक्का देऊन तोंडाशीं आणावें लागतें. परंतु दोष शोधण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच. १२ ऑगस्ट २०२१ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या आपल्या जी. एस. एल. व्ही.चे पहिले दोन टप्पे ठरल्याप्रमाणें चालले. तिसऱ्याचें क्रायोजेनिक एंजिन पेटलें नाहीं. चौकशींत असें निघालें कीं, हायड्रोजनच्या टाकीवरील एक झडप गळत होती, त्यामुळें टाकींत हवा तितका दाब राहिला नव्हता. म्हणजे विझलेलें एंजिन, आणि दोष झडपेचा. तो नीट हुडकून काढल्यावर, २९ मे २०२३ रोजीं पुढचें यान यशस्वी झालें. अमेरिकेंतील स्पेसएक्स कंपनीचें उदाहरणही बोधप्रद आहे. ऑगस्ट २००८ मध्यें तिचा फाल्कन-१ हा अग्निबाण तिसऱ्यांदा अपयशी ठरला. पहिल्या टप्प्याचें एंजिन बंद केल्यावरही त्यांत किंचित् रेटा उरला होता, आणि सुटा झालेला तो टप्पा पुढच्या टप्प्यावर जाऊन आदळला. कंपनीनें सबंध बाण नव्यानें रचला नाहीं. एंजिन बंद करणें व टप्पा सोडणें यांमधला अवधि वाढविला, आणि २८ सप्टेंबर २००८ रोजीं चौथा बाण कक्षेंत पोंचला.

यावरून घरांतील वडील मंडळींनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, एका वेळीं एकच बदल. खेळांत उड्डाण रद्द करून मूळ जागीं परत येण्याची सोय फुकट आहे. म्हणून मुलें एकदम चार गोष्टी बदलतात, बाण उडतो, आणि कशानें उडाला हें कळत नाहीं. पुढच्या खेपेस तो न उडाला म्हणजे पुन्हां अंधारच. शेजारीं एक वही ठेवावी. काय बदललें व काय घडलें, हें दोन ओळींत लिहावें. दुसरी गोष्ट, काकांनीं अथवा थोरल्या भावानें मुलांच्या हातून माउस काढून घेऊं नये. बाण उडवून दाखविण्यास पांच मिनिटें पुरतात, परंतु त्यानें धाकट्यांच्या पदरीं येतें तें इतकेंच कीं, हें आपलें काम नव्हे. मोठ्यांनीं शेजारीं बसून फक्त विचारावें: "बरें, थ्रॉटल कोठें आहे? चौकटींत काय लिहिलें आहे? वजन किती झालें?" आजोबांना हा खेळ मुळींच येत नसला तरी हरकत नाहीं, उलट, न येणाऱ्या माणसाचे प्रश्न अधिक सरळ असतात. आणि तिसरी गोष्ट, संगणकाचे तास घरांतल्या मुलामुलींना सारखे वांटून द्यावे. दादा दिवसभर बसून शंभर वेळां चुकतो व शिकतो. ताईला जेवणापूर्वीं अर्धा तास मिळतो व तिला तीनदांच चुकतां येतें. मग दादाला जमतें व ताईला जमत नाहीं असें घरांत ठरून जातें. या निवाड्याचा पाया किती कच्चा आहे हें ज्याचें त्यानें पाहावें.

हे सहा प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाच्या वर भिंतीला लावावे: हुकूम, टप्पा, इंधन, वाट, तोटी, वजन. बाण वर गेल्यावर तो खालीं न पडतां ग्रहाभोंवतीं फिरत कसा ठेवावा, हा त्यापुढचा प्रश्न असून त्याचा विचार आम्ही पुढील अंकीं करूं. तोंवर कोणाचा बाण या सहाही प्रश्नांना पुरून उरला, तर त्याच्या टाक्या, एंजिनें व एकूण वजन यांची यादी आमच्याकडे धाडावी. आणि ती मुलांनीं स्वहस्तें लिहिलेली असावी, एवढीच आमची अट आहे.